कंट्रोलर आयसी, शंभर किलोहर्ट्झ आणि आपल्या गावची वीज

कपाशीच्या फवारणीला जोर चढला, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत जवळजवळ प्रत्येक ओसरीवर एक बॅटरीचा पंप चार्जिंगला लावलेला दिसतो. पाठीवर घ्यायच्या त्या पंपात १२ व्होल्टची, ८ किंवा १२ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि तिच्यासोबत येणारा चार्जर म्हणजे एक छोटा स्विच मोड पॉवर सप्लाय, म्हणजे वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवे ते व्होल्टेज देणारा सप्लाय असतो. हंगामात माझ्या टेबलावर दुरुस्तीसाठी येणाऱ्या वस्तूंमध्ये हे चार्जर सर्वांत जास्त असतात. "दादा, रातच्याले चार्जिंगले लावला होता, सकायी पाहतो त लाइटच लागून नाही राह्यला," अशी तक्रार असते आणि डबा उघडला, की बहुतेक वेळा फुगलेला कंडेन्सर, फुटलेला मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) आणि त्याच्याबरोबर गेलेली, त्याला चालवणारी कंट्रोलर आयसी, असे ठरलेले दृश्य दिसते. या चार्जरांची रचना २३० व्होल्ट स्थिर मिळतील आणि खोली थंड असेल, असे गृहीत धरून केलेली असते. म्हणून मी आपल्याकडच्या विजेला आणि उन्हाला धरून एक चार्जर मुळापासून मांडला. ती मांडणी करताना सर्वांत जास्त विचार कोणत्या आकड्याचा करावा लागला असेल, तर तो स्विचिंगच्या वारंवारतेचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा. आयसीच्या माहितीपत्रकावर ५०० किलोहर्ट्झ किंवा १ मेगाहर्ट्झ असे लिहिलेले असते. ती त्या आयसीची कमाल मर्यादा असते. आपल्या सर्किटची वारंवारता मात्र समोरचे व्होल्टेज आणि डब्यातली उष्णता पाहून ठरवावी लागते, असे माझे ठाम मत आहे.

आधी विजेबद्दल लिहितो, कारण सगळे आकडे तिथून निघतात. शेतीचा थ्री फेज पुरवठा सुरू झाला आणि एकाच डीपीवरच्या (गावातल्या वितरण ट्रान्सफॉर्मरवरच्या) विहिरींचे पंप एकामागून एक चालू झाले, की घरातले व्होल्टेज १५० पर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरते. पंप बंद झाले, की तेच २६०-२७० वर चढते. याहून वाईट प्रकार म्हणजे डीपीवरचा न्यूट्रल ढिला होणे. अशा वेळी सिंगल फेजच्या घरात दोन फेजांमधले व्होल्टेज येऊ शकते, आणि ते ४०० च्या पुढे असते. म्हणून मी १२० ते २९० व्होल्ट ही चालू राहण्याची कक्षा धरली आणि ४४० व्होल्ट आले तर चार्जर थांबावा, पण जळू नये, अशी अट घातली. ब्रिज रेक्टिफायरनंतर ही मूल्ये १.४१ पट होतात. त्यामुळे डीसी बाजूला १७० ते ४१० व्होल्ट ही रोजची कक्षा ठरते आणि न्यूट्रल गेल्यावर ६२० व्होल्ट येतात.

बाजारातल्या चार्जरात या जागी ४०० व्होल्टचा एकच कंडेन्सर असतो, आणि तो फुगण्याचे कारण या हिशोबातच आहे. मी १०० मायक्रोफॅरडचे, ३५० व्होल्टचे दोन कंडेन्सर एकापुढे एक जोडले आणि प्रत्येकावर २२० किलोओहमचा रेझिस्टर टाकला, जेणेकरून दोघांवर व्होल्टेज सारखे वाटले जाईल. एकत्रित धारकता ५० मायक्रोफॅरड होते. १२० व्होल्ट पुरवठ्यावर आणि ३० वॅटच्या ओढीला दोन शिखरांमधला खड्डा १४० व्होल्टच्या आसपास थांबतो, आणि १४० हाच माझ्या सगळ्या गणिताचा खालचा आकडा आहे. ६२० व्होल्ट आल्यावर मॉसफेट स्विच करत राहिला तर तो वाचणार नाही. म्हणून डीसी बाजूवरून एक व्होल्टेज डिव्हायडर घेऊन, ४३० व्होल्टच्या वर एक छोटा ट्रान्झिस्टर आयसीची १ नंबरची पिन जमिनीकडे ओढेल, अशी सोय केली. ही पिन दोन डायोडच्या ड्रॉपइतकी खाली आली, की आउटपुट बंद राहते. न चालणाऱ्या मॉसफेटवर मग फक्त ६२० व्होल्ट उरतात आणि ८०० व्होल्टचा मॉसफेट ते सहन करतो.

आता आयसीविषयी. स्विचिंग सप्लायसाठीची पहिली एकसंध कंट्रोलर आयसी म्हणून १९७० च्या दशकाच्या मध्यातल्या सिलिकॉन जनरल कंपनीच्या एसजी १५२४ चे नाव घेतले जाते. तिची रचना बॉब मामानो यांची. त्यानंतर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युनिट्रोड कंपनीने यूसी ३८४२ आणली आणि आठ पिनांच्या त्या आयसीने करंट मोड पद्धत, म्हणजे दर आवर्तनात प्रवाह बघून मॉसफेट बंद करायची पद्धत, घराघरांतल्या सप्लायमध्ये पोहोचवली. युनिट्रोड १९९९ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे गेली, तरी ही आयसी आजही अनेक कंपन्या बनवतात आणि नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत ती सहज मिळते. ग्रामीण भागात काम करणाऱ्याला ही गोष्ट लहान नाही, कारण जो भाग जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नागपुरात मिळत नाही, त्यावर उभी केलेली रचना पहिल्या बिघाडापाशीच संपते.

३८४२ आणि ३८४३ या भावंडांमधला फरक नीट समजून घ्यायला हवा. ३८४२ सुरू व्हायला १६ व्होल्ट लागतात आणि १० व्होल्टवर ती बंद होते. ३८४३ ही ८.४ व्होल्टवर सुरू होते आणि ७.६ वर थांबते. मेन्सवर चालणाऱ्या सप्लायमध्ये आयसीला पहिला घोट एका मोठ्या रेझिस्टरमधून मिळतो आणि ट्रान्सफॉर्मरची मदतनीस गुंडाळी जागी होईपर्यंत तिला स्वतःच्या कंडेन्सरवर तग धरावा लागतो. ३८४२ ला यासाठी ६ व्होल्टचे अंतर मिळते, ३८४३ ला एक व्होल्टही मिळत नाही. म्हणून मेन्सवर ३८४२ आणि बॅटरीवर ३८४३, ही निवड सरळ आहे. मूळ ३८४२ सुरू होण्याआधी १ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह खाऊ शकते. १५० व्होल्टवर एवढा प्रवाह खात्रीने द्यायचा, तर रेझिस्टर १०० किलोओहमचा घ्यावा लागतो, आणि रात्री व्होल्टेज चढल्यावर तोच रेझिस्टर दीड वॅटहून जास्त उष्णता ओतत बसतो. नव्या बायसीमॉस पिढीतली यूसीसी २८सी४२ हेच काम १०० मायक्रोअँपिअरच्या आत करते आणि १४.५ व्होल्टवर सुरू होते. तिच्यासाठी ४७० किलोओहम पुरतात आणि नुकसान अर्ध्या वॅटच्याही खाली येते. पिनांची मांडणी तीच असल्याने बोर्ड बदलावा लागत नाही. मी दोन्ही आयसी बसतील असाच बोर्ड केला. रेझिस्टर मात्र आयसीप्रमाणे बदलायचा.

वारंवारता वाढवली की ट्रान्सफॉर्मर लहान होतो, हे खरे आहे. फ्लायबॅक मांडणीत प्रत्येक आवर्तनात थोडी ऊर्जा कोअरच्या फटीत साठते आणि मॉसफेट बंद झाल्यावर दुसऱ्या बाजूला सोडली जाते. सेकंदाला खेपा पाचपट झाल्या, की दर खेपेला पाचवा हिस्सा ऊर्जा पुरते. पण प्रत्येक खेपेला मॉसफेटच्या ड्रेनवरची (गुंडाळीला जोडलेल्या पायावरची) धारकताही भरते आणि रिकामी होते. मॉसफेट, गुंडाळी आणि बोर्ड मिळून ही धारकता १०० पिकोफॅरड धरली आणि चालू होण्याच्या क्षणी तिच्यावर वाईटात वाईट ५१० व्होल्ट असले, तर दर खेपेला १३ मायक्रोज्यूल नुसते जळतात. १०० किलोहर्ट्झला हे १.३ वॅट होतात, ५०० किलोहर्ट्झला साडेसहा वॅट. २४ वॅटच्या चार्जरचे एकूण नुकसानच मुळात सहा वॅटच्या घरातले असते. म्हणजे ट्रान्सफॉर्मर दोन बोटे लहान करण्यासाठी आपण बंद प्लॅस्टिकच्या डब्यातली उष्णता दुपटीच्या जवळ नेतो. पुण्या-मुंबईच्या पंख्याखाली हे कदाचित खपेल. आमच्याकडे उन्हाळी भाजीपाल्याच्या आणि संत्र्याच्या फवारणीला हेच पंप चालतात, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टिनाच्या छताखालची खोली त्याहून गरम असते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. त्यामुळे डब्यात वाढलेला प्रत्येक वॅट थेट चार्जरच्या वयातून वजा होतो. मेन्सच्या बाजूला मी १०० किलोहर्ट्झच्या आतच राहिलो, ते या हिशोबामुळे.

यूसी ३८४२ मध्ये वारंवारता ४ नंबरच्या पिनेवरचा रेझिस्टर आणि कंडेन्सर ठरवतात, १.७२ ला त्या दोघांच्या गुणाकाराने भागले, की उत्तर मिळते. २.२ नॅनोफॅरड आणि ८.२ किलोओहम घेतले तर ९५ किलोहर्ट्झ येतात. पुढचे गणित गोल आकड्यासाठी १०० धरूनच करतो. आउटपुट १४.४ व्होल्ट, १.६ अँपिअर, आत शिरणारी शक्ती ३० वॅट, १४० व्होल्टला ड्यूटी सायकल (आवर्तनातला मॉसफेट चालू राहण्याचा वाटा) ४२ टक्के. यावरून प्रायमरीतला शिखर प्रवाह १ अँपिअरच्या किंचित वर आणि इंडक्टन्स सुमारे ५७० मायक्रोहेन्री निघतो. ईई २५ कोअरवर ५४ वेढे प्रायमरीला, ८ वेढे सेकंडरीला आणि ८ आयसीच्या मदतनीस गुंडाळीला. इथे एक आकडा मुद्दाम सांगतो. पीसी ४० किंवा एन ८७ जातीचा फेराइट २५ अंशांना अर्ध्या टेस्लाच्या आसपास तृप्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेत नाही, पण १०० अंशांना ०.३९ टेस्लालाच. थंड खोलीत तपासलेला आणि ०.४ टेस्लावर मांडलेला ट्रान्सफॉर्मर भर दुपारी डब्यात तृप्त झाला, की प्रवाह एका क्षणात उसळतो आणि मॉसफेट जातो. मी करंट लिमिटच्या प्रवाहालाही ०.२५ टेस्लाच्या वर गेलो नाही. सेकंडरीच्या डायोडवर ४१० व्होल्ट पुरवठ्याला उलटे ७५ व्होल्ट येतात, वर टोके निराळी. म्हणून १०० व्होल्टचा डायोड न घेता २०० व्होल्टचा घेतला.

करंट मोडची सगळी करामत ३ नंबरच्या पिनेवर आहे. मॉसफेटच्या सोर्सखाली ०.८२ ओहमचा रेझिस्टर असतो, त्यावरचे व्होल्टेज ही पिन बघते आणि ते १ व्होल्टला पोहोचले, की काहीही झाले तरी मॉसफेट बंद होतो. एक व्होल्ट हा आकडा लक्षात ठेवून बोर्डाकडे पाहावे. तांब्याच्या पट्टीला दर सेंटिमीटरला साधारण १० नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. पाच सेंटिमीटरची पट्टी म्हणजे ५० नॅनोहेन्री. तिच्यातून १ अँपिअर ५० नॅनोसेकंदांत बदलला, तर त्या नुसत्या पट्टीवर १ व्होल्ट उभा राहतो. मग आयसीला खरा प्रवाह आणि पट्टीचा हा खोटा व्होल्ट यांतला फरक कळणे शक्य नसते. ती मधेच आउटपुट तोडते, ट्रान्सफॉर्मर सूं सूं आवाज करतो आणि माणूस आयसी बदलत बसतो. म्हणून मी बोर्ड काढताना सर्वांत आधी एकच वाट आखतो: मोठा कंडेन्सर, प्रायमरी, मॉसफेट, सेन्स रेझिस्टर आणि परत त्याच कंडेन्सरचा ऋण पाय. ही वाट जितकी आखूड आणि जितके कमी क्षेत्रफळ घेरणारी करता येईल, तितकी करतो. आयसीची ५ नंबरची, म्हणजे जमिनीची पिन सेन्स रेझिस्टरच्या खालच्या पायाला स्वतंत्र पट्टीने जोडतो आणि त्या पट्टीतून दुसरा कोणताही मोठा प्रवाह जाऊ देत नाही. ४ नंबरच्या पिनेवरचा कंडेन्सर, ७ आणि ८ नंबरच्या पिनांवरचे ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कंडेन्सर, हे तिन्ही थेट ५ नंबरच्या पायाशी टेकतात. बाकीचे भाग उरलेल्या जागेत बसतात.

एवढे करूनही मॉसफेट चालू होताना गुंडाळीची धारकता भरते आणि सेन्स रेझिस्टरवर एक अरुंद टोक दिसतेच. ते गाळण्यासाठी १ किलोओहम आणि ४७० पिकोफॅरडची जोडी लावतात. तिचा काळ जवळजवळ अर्धा मायक्रोसेकंद आहे. ४१० व्होल्ट पुरवठ्याला पूर्ण भारावर मॉसफेट १.४ मायक्रोसेकंद चालू राहतो, तेव्हा ही गाळणी चालून जाते. हीच रचना ५०० किलोहर्ट्झला नेली असती, तर चालू राहण्याचा काळ ०.३ मायक्रोसेकंदाच्याही आत आला असता, म्हणजे गाळणीहून कमी. शिवाय ३८४२ ला प्रवाह ओळखून आउटपुट तोडायला १५० नॅनोसेकंद लागतात. निम्मा वेळ आयसीच्या प्रतिसादातच गेल्यावर शॉर्ट सर्किटच्या वेळी प्रवाह आवरणार कोण? २८सी४२ हेच ३५ नॅनोसेकंदांत करते. ती उच्च वारंवारतेला खरोखर लायक आहे, पण ड्रेनवरच्या साडेसहा वॅटवर तिच्याकडेही इलाज नाही.

उच्च वारंवारतेला माझा विरोध आहे, असे मात्र कोणी समजू नये. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायला हिवाळ्यात रात्रभर जागल करावी लागते. मचाणावरच्या दिव्यासाठी त्याच पंपाच्या बॅटरीवरून ३० व्होल्टची एलईडीची माळ चालवणारे सर्किट मी ३८४३ वर बनवले, आणि तिथे ४०० किलोहर्ट्झ घेतले. ड्रेनवर इथे फक्त ३० व्होल्ट असतात. नुकसान व्होल्टेजच्या वर्गाने ठरत असल्यामुळे ३०० पिकोफॅरड धरले तरी ते ०.०५ वॅटच्या आसपास राहते. १०० किलोहर्ट्झला १२० मायक्रोहेन्रीची चोक लागली असती, तिथे ३० मायक्रोहेन्री पुरली आणि सगळे सर्किट काडेपेटीएवढ्या जागेत मावले.

या सर्किटला दोन गोष्टी जपाव्या लागल्या. १२ व्होल्टचे ३० करायचे, तर ड्यूटी सायकल ६० टक्के होते, आणि चोकमधला प्रवाह अखंड असताना ती ५० टक्क्यांच्या वर गेली, की करंट मोडमध्ये एक रुंद आणि एक अरुंद अशा पल्सची आलटून पालटून रांग लागते. त्यावर उपाय म्हणजे ४ नंबरच्या पिनेवरचा करवती आकाराचा चढ थोडासा ३ नंबरच्या पिनेत मिसळणे. तो थेट रेझिस्टरने घेतला तर वारंवारता बिघडते, म्हणून मधे एनपीएन ट्रान्झिस्टरचा एमिटर फॉलोअर टाकला. दुसरी गोष्ट मोजमापाची. ४०० किलोहर्ट्झसाठी ४ नंबरच्या पिनेवर ४७० पिकोफॅरड आणि ९.१ किलोओहम होते. ऑसिलोस्कोपच्या प्रोबचे १२-१५ पिकोफॅरड तिथे टेकले, की वारंवारता तीन टक्क्यांनी उतरते. म्हणून वारंवारता मोजायची ती आउटपुटच्या ६ नंबरच्या पिनेवर.

पुन्हा चार्जरकडे येतो. आउटपुटचे व्होल्टेज टीएल ४३१ ही आधार-व्होल्टेजची आयसी आणि मेन्सची बाजू वेगळी ठेवून प्रकाशाने संदेश पोहोचवणारा पीसी ८१७ ऑप्टोकपलर सांभाळतात. टीएल ४३१ चा आधार २.५ व्होल्टचा असल्याने खाली १० किलोओहम आणि वर ४७ किलोओहम टाकले, की १४.२ व्होल्ट मिळतात. वरच्या रेझिस्टरला मालिकेत ६८० ओहम जोडले, की १४.४ होतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीला २५ अंशांना हे योग्य आहे, पण त्याहून दर अंश वाढीला प्रत्येक सेलमागे ३ ते ४ मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात. सहा सेलला ४५ अंशांवर हा फरक जवळजवळ अर्धा व्होल्ट होतो. उन्हाळ्यात १४.४ व्होल्टवर रात्रभर लावून ठेवलेली बॅटरी आतले पाणी गमावते आणि फुगते, आणि दोष मात्र बॅटरी विकणाऱ्याला लागतो. मी डिव्हायडरच्या खालच्या बाजूला रेझिस्टर आणि एनटीसी थर्मिस्टर यांचे मिश्रण घ्यायचा विचार केला होता, पण तापमान वाढल्यावर एनटीसीचा रोध उतरतो आणि खाली बसवला तर व्होल्टेज उलट वाढते. त्यामुळे तो वरच्या ४७ किलोओहमच्या वाट्यात बसवला आणि त्याचा माथा डब्याबाहेर, बॅटरीच्या अंगाला लागेल असा सोडला.

पहिल्यांदा वीज देताना मी १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवतो आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय ऑसिलोस्कोपची जमीन प्रायमरीला लावत नाही, कारण ती जमीन थेट मेन्सवर असते. त्याआधी मॉसफेट न बसवताच आयसीला बाहेरून १८ व्होल्ट देऊन ८ नंबरच्या पिनेवर ५ व्होल्ट, ४ वर करवत आणि ६ वर चौकोनी पल्स दिसतात का, ते बघून घेतो. मग व्हेरिअॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) १२० पासून २९० पर्यंत हळूहळू चढतो आणि प्रत्येक टप्प्यावर ३ नंबरच्या पिनेचा आकार पाहतो. पल्सचा चढ शेवटाकडे सरळ राहिला तर कोअर ठीक आहे. तो वरच्या टोकाला वळून उभा होऊ लागला, तर कोअर तृप्तीकडे चालला आहे आणि वेढे किंवा फट वाढवावी लागेल. ही तपासणी डबा बंद करून, आतले तापमान पुरते चढल्यावर पुन्हा करायची असते, आणि आमच्याकडे तिच्यासाठी वेगळी भट्टी लागत नाही, टिनाच्या खोलीतली दुपार पुरते. मोठ्या कंडेन्सरच्या अंगाला थर्मोकपल चिकटवून २९० व्होल्टवर पूर्ण भार चालू ठेवतो, आणि तापमान ८५ अंशांच्या खाली स्थिरावले, तरच त्या मांडणीचे पुढचे बोर्ड करायला देतो.